कायमचे बंद

नकाशात आमच्या चर्चखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं:
कायमचे बंद.
हे मला कळलं एका रविवारी, भक्ती सुटल्यावर,
व्हरांड्यात तेवीस माणसं चहा पीत असताना.

भाचा अमोस म्हणाला, कुणीतरी तसं कळवलं असेल, मामा.
कुणी, ते त्याला सांगता येईना.
मी वीज मंडळात चौतीस वर्षं बिलं तपासली.
चालू मीटरवर 'बंद' असा शेरा मारणारा माणूस
मला चांगला ठाऊक आहे.
तो जागेवर गेलेला नसतो.

पुरावा म्हणून त्यांनी व्हिडिओ मागितला.
स्नेहलतागंजची गल्ली, टायरवाला, फाटक, पाटी,
आणि हा माणूस इथलाच, हे दिसावं म्हणून
कुलूप उघडणारा हात.
किल्ली नेहमीसारखी अडली.
अडू दे, अमोस म्हणाला, खरं वाटेल.

मग वेबसाइट. तिचं शीर्षक नुसतं 'होम'.
होम कोण शोधतं, मामा?
पहिल्या परिच्छेदात पायाभरणी, दुसऱ्यात घंटेचं वजन,
तिसऱ्यात आजवरचे सगळे खजिनदार, त्यात मी दोनदा.
मागच्या खोलीतल्या चष्म्यांबद्दल अक्षर नाही.
दर गुरुवारी चार ते सहा,
लोकांनी दिलेले जुने चष्मे, नंबर जुळला तर घेऊन जा.
आम्ही तिसऱ्या पानावर होतो. तिकडे कुणी फिरकत नाही म्हणे.
आमच्यात पुढची बाकं कायम रिकामी,
इथे पहिल्या बाकासाठी मारामारी.

लोक जे टाइप करतात ते लिहा, अमोस म्हणाला.
फ्री चश्मा इंदौर.
सुई में धागा नहीं जाता.
चक्रनारायण सर कमिटीत उभे राहिले:
मराठी मंडळीच्या पानावर हिंदी?
मी म्हणालो, सर, डोळे कुठल्या भाषेत अधू होतात?
नंतर वाटलं, जरा नाटकीच बोललो.
ठराव सात विरुद्ध चार.

राहता राहिले फोटो.
यंत्राला ते दिसतातच असं नाही,
आणि ज्याला दिसत नाही त्याचा फोनही
आपण लिहू तेवढंच वाचून दाखवतो.
मी लिहिलं: टेबलाशी चार बायका.
अजून नेमकं, मामा.
मी लिहिलं: चष्मे पुसताना चार बायका,
डावीकडून दुसरी शुलमिथ रणभिसे,
दांडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधते आहे,
मान वर करून कुणाकडे तरी हसते आहे.
कुणाकडे, ते लिहिलं नाही.
फोटो मी काढला होता.
अमोसने बघितलं, म्हणाला, थोडं लांब झालंय.
मग म्हणाला, मामीचं आहे, राहू दे.

एप्रिलचा हिशेब:
दोनशे सहा जणांना दिसलो,
एकोणीस जणांनी रस्ता विचारला,
तिघं आली. दोघांचा नंबर जुळला नाही.
तिसरी बाणगंगेहून, साड्यांना फॉल लावणारी,
फोन पुढे धरून घामाघूम:
भैया, ये तो नाले में बता रहा था.

खोक्यात हात घातला. अडीचचा एकच निघाला.
चिठ्ठीवर ओळखीचं अक्षर:
उजवी दांडी सैल. सांभाळून.
तिने चष्मा लावला, फोनकडे पाहिलं नाही,
आधी ती चिठ्ठीच वाचली, लांब धरून, मग जवळ.
सांभाळून मतलब?
सँभाल के, मी म्हणालो.

ती गेली, चिठ्ठी दांडीला तशीच लटकत.
तेवढी सोडून द्या म्हणणार होतो.
तोवर ती टायरवाल्याच्या पुढे गेली होती.

नकाशातली खूण अजून चाळीस पावलं मागे,
नाल्यातच आहे.
अमोसला सांगून ठेवलंय.